गॅलरीतले देव

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण मुठेच्या काठावरचा कचरा उचलतो. आमच्यातली तरुण मंडळी त्याला 'रिव्हर ड्राइव्ह' म्हणतात, आमची ही 'नसते उद्योग' म्हणते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात कोणाच्या पायात येऊ नये म्हणून मी जाऊ लागलो. प्लास्टिक, थर्माकोल, चपला, गाद्या, नदीत काय नाही ते विचारा. पाणी तेवढं कमी आहे.

अडचण झाली ती देवांची. तडा गेलेली तसबीर आपल्याकडे घरात ठेवत नाहीत आणि कचऱ्यातही टाकत नाहीत. पुलावर स्कूटर थांबवतात, हात जोडतात आणि सोडून देतात. मग ती आम्हाला सापडते. निर्माल्यकलशात फुलं जातात, काचेच्या तसबिरी जात नाहीत. पहिल्यांदा एक गणपती सापडला तेव्हा सगळे पोतं उघडं धरून एकमेकांकडे बघत राहिले. आमचा ग्रुप चालवणारी मुलगी खराडीला कंपनीत आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही न्याल का? एक संस्था आहे, ती येऊन कलेक्ट करणार आहे." मी म्हटलं, नेतो. संस्था अजून यायची आहे.

देव मात्र नेमाने येत राहिले. सदाशिव पेठेतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि गॅलरी रुमालाएवढी. तिथे भिंतीला टेकून देवांची रांग लागली. हिने गॅलरीत पाऊल टाकणं सोडलं. कपडे खुर्च्यांवर वाळू लागले. "भंगलेले देव घरात ठेवू नयेत," ती म्हणाली. "भंगलेले नाहीत, प्रदूषणग्रस्त आहेत," मी म्हटलं. ती हसली नाही.

त्यात आमच्या लेकीला पुन्हा दिवस गेले. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं आणि तेव्हापासून त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आता डॉक्टरांनी आराम सांगितला, म्हणून ती रविवारी माहेरी येणार होती.

"ती यायच्या आत हे सगळं काढा," ही म्हणाली.

"कुठे नेऊन ठेवू?"

"कुठेही."

पण कुठेही म्हणजे कुठे? घरात ठेवायचे नाहीत, पोत्यात टाकायला हात धजत नाही, आणि नदीत सोडायचे तर रविवारी काढायला मीच जाणार. काच वेगळी, कागद वेगळा करावा म्हणून एकदा पक्कड घेऊन बसलो. देवीच्या तसबिरीची वरची पट्टी उचकटली आणि पक्कड खाली ठेवली. मी काही देवभोळा नाही. तरीही पुढे काही केल्या हात चालेना.

शनिवारी संध्याकाळी मार्केट यार्डातून भाजी घेऊन आलो तर गॅलरी धुऊन काढलेली, दोरीवर कपडे. "कुठे गेले?" मी विचारलं. "मार्गी लावले," ही म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून चहा प्यायलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखालच्या गाळात एक प्लास्टिकची पिशवी अडकलेली दिसली. आमच्या नेहमीच्या साडीच्या दुकानाची, तोंडाशी गच्च गाठ मारलेली. नदीत सोडायचं ते ओलं होऊ नये म्हणून पिशवीत बांधणं आपल्याच माणसांना सुचतं. मी ओढून काढली आणि गाठ सोडली. पाणी आत शिरलंच होतं. आत नारळ, हळदकुंकू लावलेले तांदूळ आणि हिरव्या खणात गुंडाळलेली देवी, वरची पट्टी उचकटलेली.

तो खण मी ओळखला. लेकीच्या पहिल्या वेळी ओटी भरायला म्हणून हिने आणला होता. ओटी भरायची राहून गेली आणि खण कपाटात तळाशी गेला. आता तो हिने देवीला दिला होता.

"काका, ही तुमच्याकडे होती ना?" ग्रुपवाल्या मुलीने विचारलं.

"हो. आमच्या घरूनच आली."

ती हळूच म्हणाली, "परत नेता?"

मी पिशवी तेवढी पोत्यात टाकली आणि तसबीर मांडीवर घेऊन घाटाच्या पायरीवर बसलो. मला भीती वाटली. हिने लेकीसाठी जे पाण्यात सोडलं होतं, ते मीच माझ्या हाताने बाहेर काढलं होतं. आता परत पाण्यात सोडायचं तर एवढी सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

फोन वाजला. लेक होती.

"बाबा, मी पोचले. आई म्हणतेय, आज नदीवरून काही आणू नका."

"नाही आणत," मी म्हटलं.

खणातलं पाणी झिरपून माझी पँट भिजत होती.