जज्जबाईंकडे लावलेला वशिला

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली न्यायाधीश करंज्यांनी वश होते, असं मानणारी वेस्ट विंडसरमध्ये एकच शहाणी होती, आणि ती मी. ती जज्ज, माझी शेजारीण हेलन, गेल्याला महिना झाला. आता सांगून टाकते.

मी इकडे परदेशात मुलाकडे कायमची राहायला आले, तेव्हा शेजारची ही उंच, पिकल्या केसांची बाई अंगणातली पानं स्वतःच गोळा करताना दिसायची. एवढी मोठी जज्ज आहे हे कळल्यावर मी सुनेला म्हटलं, "मग हिच्याकडे गडी नाही का गं?" वकील झाल्यावर पहिल्या मुलाखतीत तिला टायपिंग येतं का, एवढंच विचारलं होतं म्हणे. "येत होतं. पण मी नाही म्हणाले," हेलन हसून सांगायची. तिथून खालचं कोर्ट, मग थेट वरचं. शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात आमचा चहा व्हायचा. माझं इंग्रजी मोडकं, तिचा चहा पाणचट; दोघी एकमेकींना सोसायचो.

अशातच माझ्या भाच्याची, अविची, नोकरीवरून काढल्याची केस तिच्याच कोर्टात पोचली. त्यानं बजावलं होतं, "मावशी, प्लीज, तिथे काही बोलू नकोस हं!" मी कसली ऐकते! दिवाळीचं ताट घेऊन गेले, आणि ती करंजी खात असताना हळूच म्हटलं, "तो अवि माझा भाचा बरं का. जरा लक्ष असू दे."

तिनं अर्धी करंजी बशीत ठेवली. "कुसुम, आता मला या केसमधून बाजूला व्हावं लागेल. आणि निकाल लागेपर्यंत आपला चहा बंद."

मी तणतणत घरी आले. एवढी ओळख मग काय चाटायची? पुढे निकाल लागला. अवि जिंकला, तिच्याशिवायच! मी मात्र रुसलेल्या विहिणीसारखी बसून राहिले... चहा तिनं बंद केला, तर बोलावणंही तिनंच पाठवावं. ती निवृत्त झाली, आजारी पडली. तिला न्यायला आलेली अँब्युलन्स मी पडद्याआडून पाहिली. मधे फक्त एक हिरवळ होती हो... तेवढी ओलांडता आली नाही.

चर्चमधली प्रार्थना संपल्यावर तिचा नवरा वॉल्टर माझ्यापाशी आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "निकाल लागला त्या दिवशी हेलन तुझ्याकडे यायला कोट घालून निघाली होती. दारातूनच परत फिरली. म्हणाली, 'जज्ज दारात येऊन उभी राहिली, तर कुसुमला नाही म्हणता येणार नाही. तिला वाटेल तेव्हा ती येईल.'"