चौथ्या प्रतीची सवय

दुसऱ्या दिवशीच्या पौर्णिमेच्या वंदनेला आईला नेसायचं पांढरं लुगडं संघप्रिया पिळत होती. निम्मं पिळून झालं आणि उजव्या मनगटातून अशी कळ निघाली, की लुगडं सुटून पुन्हा बादलीत पडलं. आईनं, केशरबाईंनी, ते उचललं, पिळलं, दोरीवर टाकलं.

"लुगडं पिळवंना, अन् दिवसभर ते यंत्र बडवतीस," त्या म्हणाल्या.

उमरग्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची नोकरी संघप्रियाला लागून चार महिने झाले होते. घराण्यात असलं काम करणारी ती पहिलीच. सहा महिन्यांनी कायम करणार होते. पण हात असाच राहिला तर नोकरी आपल्यालाच सोडावी लागेल, ही धास्ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, शिरेला सूज आहे, टायपिंग कमी करा. म्हणजे भाकरी करणारीला पिठाला हात लावू नका म्हटल्यासारखंच.

वडील मच्छिंद्र कचेरीबाहेर लिंबाखाली तीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसलेले. लॅपटॉपच्या चपट्या कळांनी लेकीची बोटं दुखायला लागली, तेव्हा कीबोर्ड त्यांनीच निवडून दिला होता. "मेकॅनिकलच घे, अन् कळ जड घे. हलक्या कळीवर बोट घसरतंय." कीबोर्ड आला, खडखड वाजला, मच्छिंद्र खूश झाले. मनगट मात्र आणखी बिघडलं.

लुगडं बादलीत पडलं त्याच दुपारी बापलेक तो कीबोर्ड पिशवीत घालून हायवेलगतच्या वसीमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. वसीमनं दुसरं काही दाखवायच्या आधी तिला त्याच्यावरच टाइप करायला लावलं आणि कान देऊन ऐकलं.

"ताई, एक विचारू? कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"एवढ्या जोरानं मारताय, मला वाटलं खाली चार कार्बन लावलेत."

ती हसली. मच्छिंद्र हसले नाहीत. आठवीच्या सुट्टीत जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर त्यांनीच तिला शिकवलं होतं. कार्बनखालची चौथी प्रत पुसट आली, की कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून.

"चूक माझी हाय, वसीम. म्याच शिकवलं तिला असं."

"बाबा, तुमी शिकवलं म्हणून तर मला खाली बघावं लागत न्हाय. आमच्या कंपनीतली निम्मी पोरं अजून अक्षरं हुडकत्यात!"

"खरंय, चाचा. बोटं लाख मोलाची दिलीत. आता फक्त हात हलका करायचा."

वसीमनं तऱ्हेतऱ्हेच्या कळा बसवलेली एक पट्टी पुढं ठेवली. काही जड, खडखड्या. काही लोण्यासारख्या थेट तळाला जाणाऱ्या. आणि काहींना निम्म्या वाटेत बारीकसा उंचवटा लागायचा. "अक्षर इथंच उमटतं," तो म्हणाला. "हा उंचवटा लागला की बोट माघारी फिरवायचं. तळाला जायचंच न्हाय." संघप्रियानं चारपाच वेळा दाबून बघितलं आणि तीच कळ निवडली. पण वसीमनं नवा कीबोर्ड विकलाच नाही. तसल्याच कळांचा स्वतःचा आठ दिवस वापरायला दिला. "मानवला तरच नवा घ्या. अन् कीबोर्डचे मागचे पाय उघडू नका, मनगट वर वाकतं."

तेव्हापासून सकाळची वंदना झाली, की मच्छिंद्र तिच्यामागं खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे. स्क्रीनवरचं त्यांना काही कळत नव्हतं, पण कळ तळाला आदळली की कानाला बरोबर समजायचं.

"कार्बन!"

पहिल्या दिवशी तर केशरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, वंदनेला बी एवढा आवाज निघत न्हाय तुमचा!" चौथ्या दिवशी पुण्याच्या साहेबांशी ऑनलाइन मीटिंग चालू असताना ते ओरडले आणि साहेबांना सगळं सांगावं लागलं. तेही हसले.

आठव्या दिवशी मात्र तास झाला, दोन झाले, मागून आवाज नाही. तिनं वळून बघितलं.

"झोपलात काय, बाबा?"

"न्हाय. ऐकतोय."

मनगट अजून पुरतं बरं नाही. जाड चादरी केशरबाईच पिळतात. पण मनातली धास्ती ओसरली आहे. आज वंदनेच्या शेवटी सगळ्यांचं मंगल मागताना तिच्या डोळ्यांपुढं आधी बाबा आले, मग कान देऊन ऐकणारा वसीम.

दुपारी त्याच्या दुकानात जायचं आहे. उसना कीबोर्ड परत द्यायचा आणि तसाच नवा आणायचा.