देवळावरून गेलेली बोट

बोटीवर चढण्याआधी तो वहाणा धक्क्यावर काढायचा. मग ओणवं होऊन पाण्याला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. शेठला वाटे, हा मान आपल्या बोटीचा. आलेल्या प्रत्येकाला शेठ हे कौतुकानं दाखवी.

खरं कारण त्यानं मला सांगितलं. "खाली गाव हाय आमचं. पायताण घालून कसं जायाचं?"

मुळशीचं धरण भरलं आणि गाव बुडालं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आता पंचावन्नचा. जातीचा सुतार, राहायला काठावरच्या माल्याला. मुंबईच्या एका शेठनं हौसेखातर तलावात शिडाची बोट ठेवली होती. तिची डागडुजी हा करी आणि शेठ आला की सुकाणूही हाच धरी.

मी पुण्यात बर्फाच्या कारखान्यांची आणि थेटरांची थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायचो. मे महिन्यात वारा पडला की त्या बोटीच्या खोलीत माणूस उकडून निघे. शेठनं ठरवलं, तिथं थंड हवेचं यंत्र बसवायचं. खेड्यात धड वीज नव्हती आणि आम्ही बोटीवर जनरेटर चढवत होतो. तुम्ही हसाल. मी हसलो नाही, मला कामाचा गर्व होता.

काम करताना त्याचं एक पालुपद होतं. खिळा ठोकायचा असो की नांगर टाकायचा, तो म्हणे, "खाली कोन हाय त्ये आदी बगावं." मी चिडवायचो, "कोण असणार? मासे." तो म्हणे, "कुंभाराचं घर हाय. त्याच्याम्होरं चावडी." बोट कुठंही असो, आपण कुणाच्या दारात आहोत हे त्याला ठाऊक असे.

यंत्राला गार ठेवायला तलावाचं पाणी ओढावं लागतं. त्यासाठी मी बोटीच्या सपाट बुडाला भोक पाडून नळी बसवली. ती चांगली वीतभर खाली लोंबत होती. त्यानं वाकून पाहिलं.

"मिस्तरी, नळी लई खाली आली. मी लाकडात खोबण करतो, आत घ्या. तीन दिस लागत्याल."

"रविवारी पाहुणे यायचेत. तीन दिवस कुठून आणू?"

त्यानं काढलेली पटाशी पेटीत परत ठेवली. त्या रविवारावर त्याचंही सगळं अवलंबून होतं. फेरी नीट झाली तर कायमची नोकरी आणि धक्क्यावर एक खोली, असं शेठनं कबूल केलं होतं. नाहीतर मुंबईला मुलाकडं जावं लागणार होतं.

"मग जा की मुंबईला. गाव इथून तरी कुठं दिसतं?" मी म्हणालो.

"दिसत न्हाई. पर हितं मला ठावं हाय, कुटं काय हाय त्ये."

रविवारी खोली इतकी गार झाली की शेठच्या पाहुण्या बायकांनी पदर लपेटून घेतले. देवळाची जागा आली तसं त्यानं सुकाणू वळवलं. तो देवावरून बोट कधीच नेत नसे. देव उजव्या हाताला ठेवून वळसा घाली. देऊळ खोलात होतं; वळशावरच्या पडक्या भिंती मात्र उन्हाळ्यात बुडाजवळ येत, तरी इतकी वर्षं बुडाला साधा ओरखडा आला नव्हता. त्या दिवशी नळी भिंतीला अडकली आणि मुळापासून तुटली.

खोलीत पाणी उसळलं. त्यानं डोक्याचं मुंडासं भोकात कोंबलं आणि त्यावर बसून राहिला. बोट वाचली, यंत्र भिजून बंद पडलं.

"सरळ सोडून वळलास कशाला?" शेठनं विचारलं.

"खाली देऊळ हाय, शेट."

पाहुणे हसले. शेठ माझ्याकडं वळला. "मिस्त्री, नळीत काही चूक?"

मी म्हणालो, "नाही शेठ. नळी बरोबर होती."

सुतारानं माझ्याकडं एकदा पाहिलं. खोबणीचं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कामचलाऊ खुंटी ठोकून त्यानं भोक बुजवलं. शेठनं त्याला कामावरून काढून तिथंच पलीकडच्या काठावर उतरवलं. मेमधल्या दुपारी तो तापल्या खडकांवरून अनवाणी चालत गेला. वहाणा अलीकडं धक्क्यावर होत्या.

पंधरा दिवसांनी मी दुरुस्तीला गेलो. वहाणा तिथंच होत्या, उन्हानं वाकलेल्या. त्या घेऊन माल्याला गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "गेला मुंबईला पोराकडं. आता येतोय कशाचा?"

मी परत आलो. लाकडात खोबण करून नळी आत घेतली. तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी शेठनं यंत्र पाहायला बोट काढली. नव्या माणसानं ती देवळावरून सरळ नेली. यंत्र उत्तम चाललं, शेठनं माझी पाठ थोपटली. त्याच्या वहाणा माझ्या पिशवीत होत्या आणि माझ्या पायांत बूट होते.