चिकटपट्टीचा आवाज

दक्षिण कोरियातल्या देगूमध्ये किमचीचे डबे कुरियरने पाठवणारी क्वाक माल्सुन शेअरवाल्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर 'मावशी' म्हणून प्रसिद्ध होती. बॅटरीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर त्या सगळ्यांनी घेतले होते. भाव हलला की मावशी थेट कंपनीत फोन लावायची आणि ऐकलेलं शब्द न् शब्द कट्ट्यावर लिहायची. अफवा पसरवणाऱ्यांची ती बिनपाण्याने करायची, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा.

त्या दिवशी भाव सकाळपासून घसरत होता. बाजार बंद व्हायला अर्धा तास उरला तेव्हा कुठे फोन लागला.

"सगळं नेहमीसारखं चाललंय हो बाई," कंपनीतला माणूस म्हणाला.

त्याच्यामागे चर्रर्र आवाज आला. मग पुन्हा आला, पुन्हा आला. खोकी बंद करायची चिकटपट्टी! दिवसाला शंभर खोकी बांधणाऱ्या माल्सुनला तो आवाज काय ओळखू येणार नाही? मेले ऑफिसच गुंडाळत होते!

कट्ट्यावर एकच धोशा चालला होता, "मावशी, काय म्हणाला?"

तिने आधी आपले सगळे शेअर विकले. मग लिहिलं, "म्हणाला, सगळं नेहमीसारखं चाललंय." त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

लगेच बुसानच्या टॅक्सीवाल्याचं उत्तर आलं, "वाटलंच मला! आत्ताच कुणीतरी भित्र्याने ढीगभर विकले, ते मीच उचलले. बरं केलं ना, मावशी?"