डिकीतली निळी फीत

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हो, गाड्यांचे. तीस वर्षं गॅरेज चालवलं, हाताला गुण होता. पण कान? कान नुसते चष्मा अडकवायला. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हे रोग सांगून मोकळे!

त्या सकाळी मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, दर रविवारी पुसून लख्ख ठेवलेली. ते जाऊन वर्ष झालं होतं. आता पेट्रोलच्या टाकीचं झाकणच उघडेना, आणि पेट्रोल तर तळाला गेलेलं.

मास्तरांनी सीटशेजारचा खटका ओढला. तो नुसताच ढिला वर आला.

"तार तुटली," ते म्हणाले.

"हे म्हणायचे, झाकण अडलं तर डिकीत काहीतरी ओढायचं असतं," काकू म्हणाल्या. "गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं त्यांनी. मला मेलं काही सापडलं नाही."

"काकू, डिकीत स्टेपनी असते! पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त झाल्या असत्या, तर आम्ही इथे माश्या मारत बसलो असतो. तुम्ही बसा निवांत."

आणि घातला की स्क्रूड्रायव्हर फटीत! एक हिसका, दोन हिसके. तिसऱ्याला झाकण उघडलं खरं, पण कड वाकली आणि नखाएवढा रंग उडाला. काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"जुनी गाडी, एवढं चालायचंच," मास्तर म्हणाले आणि तार बघायला डिकीत शिरले. बाजूचं अस्तर सरकवलं तर आत एक कडी. कडीला निळ्या फितीची गाठ, चांगली दोनदा मारलेली, सहज हाताला लागावी अशी. त्यांनी ती हळूच ओढली. तिकडे झाकणाची खीळ खट्कन सरकली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मिनिटं कान दिला असता तर! त्यांनी अस्तर पटकन जागेवर दाबलं.

"सापडलं का हो काही?" काकूंनी विचारलं.

"छे. काही नाही डिकीत. असंच उचकटावं लागणार होतं."

काकू म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाच त्यांचं डोकं चळलं असणार. शेवटी शेवटी विसरायचे ना. आणि मी आपली सगळ्यांना सांगत फिरते, ह्यांनी मला सगळं नीट समजावून ठेवलंय म्हणून. वेडीच मी."

लाजेने मास्तरांचे कान तापले. आपली चूक झाकायला आपण एका गेलेल्या माणसाला खोटं पाडलं, तेही त्याच्या बायकोसमोर.

"काकू, इकडे या," ते म्हणाले. अस्तर पुन्हा सरकवलं. "ते बरोबर होते. मी ऐकलं नाही. आणि आत्ता तुमच्याशी खोटंही बोललो."

काकूंनी फितीवरून बोट फिरवलं. "माझ्याच शिवणाच्या डब्यातली. नाहीशी झाली म्हणून ओरडले होते त्यांच्यावर."

"झाकण नवीन बसवून देतो," मास्तर पुटपुटले.

"झाकणाचं राहू द्या हो मास्तर," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडून त्यांना वेडं म्हणवलंत."