पयले लहान बाजू

आमच्या वहिनीने लग्नात आंदण म्हणून आलमारी आणली, गुंड-गंज अशी पितळी भांडी आणली, आणि एका गुंडात लपवून दहावीचं भूमितीचं पुस्तक आणलं. चामोर्शीकडची, बारावी सायन्स झालेली पोरगी धानोऱ्याच्या जंगलातल्या आमच्या गावात आली आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे बघून मला म्हणाली, "हे पाय बाई, साठचा कोन!" मी नववीत होते आणि गणितात ठार ढ. मला तिथे नुसती शिडी दिसत होती.

तिचं एक पालुपद होतं. "पयले सगळ्यात लहान बाजू पकड. ते भेटली का बाकीच्या दोघी कुठी जाते?" तीस-साठ-नव्वदच्या त्रिकोणात लहान बाजूची दुप्पट म्हणजे कर्ण, आणि लहान बाजूला रूट तीनने गुणलं की तिसरी. इतकंच तर होतं. पण मी मेली हमखास रूट तीन कर्णालाच चिकटवायचे, दिसायला भारदस्त वाटायचं म्हणून! वहिनी तांदूळ पाखडता पाखडता सूप आपटायची. "अवो माय, रूट तीन म्हंजे पावणेदोनच्या आत. कर्ण सगळ्यात मोठा नाई का? मंग काऊन भिऊन राह्यली त्या चिन्हाले?" मी हसायचे आणि पुढच्या गणितात परत तेच करायचे.

ही शाळा स्वयंपाकघरातच भरायची, कारण वहिनीला फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. आधी बाबा म्हणाले, नवी नवरी आहे. मग पोटुशी आहे. मग लेकरू लहान आहे. मग वाघ आला. "वाघ हाय बाहेर, सुनेनं कायले निघावं?" बाबांचा आवाज चढला की दादा ताटात बघायचा. गावातल्या बाकीच्या बाया घोळक्याने शेतात जातच होत्या. शेवटी वनखात्याने वाघ पकडून पिंजऱ्यातून नेला. सारं गाव बघायला लोटलं. वहिनीने तो पिंजरा खिडकीतून पाहिला.

पुढे माझीही बारावी झाली आणि वनरक्षकाची भरती निघाली. दोघींनी अर्ज भरले. काय खुलली होती तेव्हा ती! धावायचा सराव अंगणातच, विहिरीभोवती गोल गोल, पदर खोचून. परीक्षा चंद्रपूरला होती, ऐन भाताच्या रोवणीत. बाबांनी फर्मान काढलं, "पोरगी जाईन, तिले उद्या चांगलं घर भेटन. सून गेली तं रोवणाऱ्या बायांचा सैपाक कोन करन?" मी भांडले, रडले, जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. वहिनीनेच माझा डबा भरला आणि फाटकाच्या आतून ओरडली, "साठच्या समोरची बारा! कर्ण?"

एसटी सुटायच्या बेतात होती. धावता धावता मी लहान बाजू काढली, चार रूट तीन. "आठ रूट तीन!"

"शाब्बास! जाय आता!"

मी लागले. आज गणवेश घालून एकटी मोटारसायकलवर जंगल हिंडते. बाबा ज्याला त्याला कौतुकाने सांगतात. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. यंदा वहिनीचं भरतीचं वय उलटलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा तिच्याजवळ बसून मी बाबांना हव्या तितक्या शिव्या घातल्या. म्हटलं, "वयनी, तुले तं माह्याहून किती जास्त येत होतं!"

ती चूल फुंकत होती. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "उत्तरं मले समदी येत होती वो बाई. पेपरच कोनी हाती नाई देल्ला."