पिशवी कुजली पाहिजे!

आमच्या लॅबमध्ये शोध कमी लागतात आणि किस्से जास्त घडतात. कुणी नवीन जॉइन झालं की चहाच्या वेळी एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "अरे, तो झिंकचा सांग ना!" आणि चहा गार होतो.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमच्या शेठची रंगांची फॅक्टरी आहे. तिच्या मागच्या शेडमध्ये आमचा बायो सेक्शन, म्हणजे प्रधान मॅडम, मशीनवरचे परब आणि मी. मक्याच्या स्टार्चपासून आम्ही मातीत कुजून जाणारी पिशवी बनवतो. नुसत्या स्टार्चची पिशवी दमट हवेत लिबलिबीत होते आणि कोरड्या हवेत तडकते. म्हणून तिच्यात नॅनो फिलर घालायचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाहीत इतक्या बारीक कणांची पूड.

शेठची अट साधी होती. "पिशवीनं वजन धरलं पाहिजे आणि नंतर ती कुजली पाहिजे. नाहीतर सेक्शन बंद, आणि मॅडम, तुम्ही रंगाच्या डिपार्टमेंटला!"

मॅडमनी उमेदीची सगळी वर्षं या पिशवीत घातली होती. शेठ असं म्हणाले की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. मला फार वाईट वाटायचं.

* * *

पहिला फिलर होता नॅनो क्ले, म्हणजे एक प्रकारची मातीच. मॅडमनी चिमूटभर घातली आणि पिशवीनं पाच किलो कांदे आरामात उचलले! आम्ही नाचायचंच काय ते बाकी होतं. शेठ धावत आले.

"चिमटीत एवढं काम होतंय, तर चौपट टाका ना!"

मॅडम नको नको म्हणत होत्या, पण शेठपुढे कोण बोलणार? टाकली चौपट. पिशवी पापडासारखी मोडली आणि कांदे शेठच्या नव्या बुटांवर!

परबांनी मायक्रोस्कोपचा फोटो पाहिला. कण वेगवेगळे पसरायचे सोडून गठ्ठा करून बसले होते. "मॅडम, ह्ये बघा, सगळे एका जाग्यार गजाली करूक बसलेत! कामाक कोण नाय!"

मॅडम शेठकडे वळल्या. "हिंग आहे तो, शेठ. वाटीनं घालतात का?"

* * *

परब राहतात मालाडला, मूळचे मालवणचे. मॅडम शुद्ध शाकाहारी आणि नाक भयंकर तिखट. क्लेचे पातळ पापुद्रे फिल्ममध्ये, म्हणजे पिशवीच्या पातळ पडद्यात, आडवे पसरले की वासाला सरळ बाहेर पडता येत नाही, वळणं घेत जावं लागतं, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलं होतं. परबांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

एके दिवशी त्यांनी साध्या फिल्ममध्ये सुके बोंबील सील केले आणि पाकीट मॅडमच्या टेबलाखाली ठेवलं. मॅडम खुर्चीत बसल्या आणि ताडकन उठल्या. "परब! काय मेलंय इथे?"

दुसऱ्या दिवशी बोंबील क्लेच्या फिल्ममध्ये. मॅडम दिवसभर तिथेच बसल्या, डबासुद्धा तिथेच खाल्ला. संध्याकाळी परबांनी खाली वाकून पाकीट काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मॅडम लालबुंद! आता परबांची वाट लागली म्हणून मी डोळेच मिटले.

"अगं, बघत काय बसलीस?" मॅडम माझ्यावर ओरडल्या. "रिपोर्टमध्ये टाक हे!"

* * *

मग तो झिंकचा. नॅनो झिंक ऑक्साइडनं जंतू मरतात, असं कुणीतरी शेठच्या कानात घातलं. "पिशवीवर 'अँटीबॅक्टेरियल' छापू. झकास खपेल!"

घातलं. पिशवी कुंडीत पुरली, भरपूर वाट पाहिली आणि उकरली. नवीकोरी! धुऊन पुसून दुकानात ठेवली असती तर गिऱ्हाईक मिळालं असतं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "पिशवी कुजवतं कोण? मातीतले जंतूच ना! आपण घरभर औषध फवारलं आणि पाहुण्यांना जेवायला बोलावलं!"

शेठना काही हसू आलं नाही. "शेवटचा चान्स," एवढंच म्हणाले आणि गेले.

* * *

शेवटची पिशवी फक्त क्लेची, चिमूटभरच. कांदे तिनं मजेत उचलले. आता कुजायचं तेवढं राहिलं. मॅडमच्या मुलुंडच्या सोसायटीत कंपोस्टचा खड्डा आहे. पिशवी नायलॉनच्या जाळीत घालून, जाळीला टॅग बांधून आम्ही ती तिथे पुरली.

उकरायच्या दिवशी शेठ स्वतः हजर. परबांनी फावडं मारलं. टॅग वर आला, जाळी वर आली. परबांनी ती झटकली. नुसती काळी माती पडली.

"पिशवी कुठाय?" शेठ.

मॅडमनी ती माती बोटांनी चाळली, पुन्हा चाळली. "नाहीये," त्या म्हणाल्या. मग किंचाळल्याच, "नाहीये हो शेठ! कुठेच नाहीये!"

शेठनी परबांना मिठी मारली, फावड्यासकट! मी उड्या मारत होते. आणि मॅडम खड्ड्याच्या काठावर बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

तळमजल्यावरच्या जोशी काकू मघापासून खिडकीतून बघत होत्या. त्या स्लिपर घालून लगबगीनं आल्या आणि मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला.

"एका पिशवीसाठी कुणी एवढं रडतं का गं?" आणि हातातली चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी त्यांनी मॅडमच्या मांडीवर ठेवली. "ही घे. कितीही वर्षं वापर, काही होत नाही हिला!"